दारू सोडणाऱ्यांची मीटिंग: ॲक्रन ते मढ



आजच्या विषयाला आम्ही मुद्दाम एका गावाचं नाव जोडलं आहे, मढ. मुंबईच्या श्रोत्यांनी मालाडच्या पुढचं, समुद्रकाठचं मढ डोळ्यांपुढं आणू नये. हे जुन्नर तालुक्यातलं मढ. कल्याणहून माळशेज घाट चढून वर आलात की पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसू लागतं, खिरेश्वर आणि हरिश्चंद्रगड एका अंगाला राहतात आणि रस्ता ओतूर, आळेफाट्याकडे निघतो. त्या रस्त्यावरचं हे गाव. पावसाळ्यात धबधबे बघायला शहरातली माणसं या बाजूला लोटतात, त्यांतली बरीचशी बाटल्या बरोबर घेऊनच येतात आणि संध्याकाळी परत जातात. आपल्याला बोलायचं आहे ते गावातच राहणाऱ्या माणसाबद्दल.

समजा, या गावातल्या एका माणसानं ठरवलं की आता दारू सोडायची. बायकोला दाखवण्यापुरतं नाही, खरोखर ठरवलं. त्यानं जायचं कुठं? आज सोडली, तर परवा संध्याकाळी, दिवस कलला आणि हात कापायला लागले की कुणाच्या दारात जाऊन बसायचं? देवळात? दवाखान्यात? पोलीस पाटलाकडे? गंमत म्हणून विचारत नाही आम्ही. गेल्या दीडशे वर्षांत आपल्या समाजानं या माणसाला आळीपाळीनं हीच दारं दाखवली आहेत. त्याच्यासारख्याच दुसऱ्या माणसाचं दार मात्र फार उशिरा दाखवलं. त्या दाराचा इतिहास हा आजचा विषय.

आधी शब्द पाहू. आमचा धंदा तत्त्वज्ञानाचा, शब्दापाशी अडल्याशिवाय आम्हाला पुढं जाता येत नाही.

'व्यसन' हा शब्द आपण आज वाईट सवय या अर्थानं वापरतो. संस्कृतात त्याचा जुना अर्थ संकट, आपत्ती असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवरच आहे. त्यात राजावर, अमात्यावर, कोशावर, सैन्यावर येणारी संकटं आहेत. आग, पूर, रोगराई, दुष्काळ यांचाही विचार तिथंच केला आहे. माणसाच्या व्यसनांत रागातून येणारी तीन आणि वासनेतून येणारी चार सांगितली आहेत. शिकार, जुगार, स्त्री आणि मद्यपान ही ती चार. म्हणजे दारू आणि पूर एकाच प्रकरणात बसतात. पूर आलेल्या माणसाला आपण 'तू चारित्र्यहीन आहेस' असं म्हणत नाही. हा शेजार आपण विसरलो, आणि व्यसन हा फक्त दुर्गुण उरला.

आता मराठीचं व्याकरण बघा. 'मला दारू लागली.' 'त्याला दारू चढली.' 'दारूनं घर खाल्लं.' 'अखेर त्याची दारू सुटली.' या सगळ्या वाक्यांत कर्ता कोण आहे? दारू. माणूस बिचारा चतुर्थीत, षष्ठीत, कुठंतरी कडेला उभा. सुटली तीसुद्धा आपणहून सुटली, जशी एसटी सुटते. आमचं म्हणणं असं की भाषा इथं खोटं बोलत नाही, पिणाऱ्याचा अनुभव ती नेमका सांगते. पण ती त्याला बोलायला जागा देत नाही. त्याच्याविषयी सगळे बोलतात, बायको, भाऊबंद, कीर्तनकार, फौजदार, डॉक्टर. तो स्वतः 'मी' म्हणून कुठं बोलतो? हा प्रश्न जरा बाजूला ठेवा, पुढं लागणार आहे.

आता पहिलं दार, सरकारचं. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. तोवर डोंगराळ भागात मोहाची दारू घरी, पाड्यावर गाळली जाई. देवाला, लग्नाला, मयताला ती लागे. कायद्यानं गाळण्याचा हक्क मक्तेदारांकडे गेला आणि घरी गाळणं हा गुन्हा झाला. १८९२ साली तर मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा झाला, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. म्हणजे माळशेज उतरलात की जो मुलूख लागतो तिथं झाडाखाली पडलेलं फूल वेचणंसुद्धा सरकारच्या मर्जीवर आलं. सरकारला दारू बंद करायची नव्हती. दारू आपल्या दुकानातून विकली जावी आणि कर आपल्याला मिळावा, एवढंच हवं होतं. जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आक्षेप घेतला तो याच काळात. पुढं १९०८ साली टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दारूच्या दुकानांपुढं निरोधन केलं.

स्वराज्याबरोबर वारं उलटं फिरलं. १९३९च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस मंत्रिमंडळानं मुंबई शहरात दारूबंदी आणली. त्या वेळचे मंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः हृदयरोगाचे नामवंत डॉक्टर. मग १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा. परमिटचा जमाना तो. दारू मिळवायची तर डॉक्टरचा दाखला हवा, म्हणजे प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असं कागदोपत्री सिद्ध करायचं. आमच्या पिढीनं त्यावरचे विनोद पुष्कळ ऐकले. साठीच्या दशकापासून बंदी सैल होत गेली, पण कायदा गेला नाही. आजही महाराष्ट्रात नियमानं दारू प्यायची तर परवाना लागतो, हे किती पिणाऱ्यांना ठाऊक असेल कोण जाणे. एकच सरकार एका हातानं दारूबंदी कायदा सांभाळतं आणि दुसऱ्या हातानं उत्पादन शुल्क गोळा करतं. आपल्या जुन्नर तालुक्यातच बघा, नारायणगावला १९८०च्या दशकात द्राक्षांपासून फसफसणारी वाइन तयार झाली आणि ती परदेशी गेली. तेव्हा सगळ्यांनी अभिमानानं पेपरात वाचलं. त्याच तालुक्यात हातभट्टीवर छापे पडतच होते.

हातभट्टी हा विनोदाचा विषय नाही. २०१५च्या जूनमध्ये मालवणीला, त्या दुसऱ्या मढच्या शेजारी, विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं मेली. गावोगावच्या बायका दारूच्या दुकानापुढं उभ्या राहतात त्या उगाच नाही. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडवी बाटली'वर शिक्का मारला की गावातलं दुकान बंद होतं, हा नियम त्यांनी लढून मिळवलेला आहे. गडचिरोलीत १९९३ साली जिल्हाभर दारूबंदी झाली, तीही लोकांच्या चळवळीतून. चंद्रपुरात २०१५ला झाली आणि २०२१ला उठली. या चळवळींबद्दल आम्हाला आदर आहे. पण कायदा दुकान बंद करतो, तिथं त्याचं काम संपतं. ज्याला बंद दुकानापुढं उभं राहूनही दारू हवीच असते, त्या माणसाशी काय बोलावं हे कायद्याला माहीत नाही.

दुसरं दार देवळाचं, आणि ते आमच्या मते जास्त गंभीरपणे घ्यायला हवं. मढच्या माणसाला आजही पहिला सल्ला कोणता मिळतो? 'माळ घाल.' गळ्यात तुळशीची माळ आली की मांस-मच्छी आणि दारू वर्ज्य. इथून पुढं ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे, तुकोबांचे गुरू म्हणून वारकरी त्यांना मानतात. म्हणजे हा सगळा टापू माळेच्या छायेतला. गाडगेबाबांनी तर कीर्तनात दारूवर जे प्रश्न विचारले त्यांनी माणसं जागच्या जागी ओशाळत.

माळेनं किती जणांची दारू सुटली याची नोंद कुणी ठेवली नाही, पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यात असा एखादा माळकरी असतोच. का सुटते? नुसत्या शपथेनं नाही. माळ घातली की संध्याकाळचा वेळ भरतो. भजनाला जायचं, एकादशी धरायची, सप्ताहात पारायणाला बसायचं, आषाढात दिंडीबरोबर चालायचं. पिण्याची जागा आणि पिण्याची मंडळी दोन्ही बदलतात. पाटील असो की शेतमजूर, दिंडीत एकमेकांच्या पाया पडतात. ना वर्गणीचं बंधन, ना सभासदत्वाचा अर्ज. आम्हाला विचाराल तर स्वयंसाहाय्य गटाची अर्धी तयारी वारकऱ्यांनी कित्येक शतकं आधी करून ठेवली होती.

उरलेली अर्धी कुठं अडते? दोन ठिकाणी. एक, माळकऱ्यानं आपल्या पिण्याविषयी बोलावं अशी अपेक्षा तिथं नसते. नाम घ्यायचं, मागचं विसरायचं. दुसरी अडचण मोठी. समजा, वर्षभरानं एखाद्या लग्नात, एखाद्या मयतात त्यानं घोट घेतला. मग तो काय करतो? माळ काढून देवापुढं ठेवतो आणि भजनाला जाणं बंद करतो. ज्या दिवशी त्याला मंडळींची सगळ्यांत जास्त गरज असते, नेमका त्याच दिवशी तो स्वतःला मंडळींतून वजा करतो. कुणी त्याला हाकलत नाही; लाजच त्याला बाहेर ठेवते. शपथ मोडली की मोडली, तिला दुरुस्ती नाही.

तिसरं दार दवाखान्याचं. तिथं आम्ही फार रेंगाळत नाही, आमचा तो विषय नाही. पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अनेक वर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम दारू बंद केली तर नुसती बेचैनी होते असं समजू नका. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, आणि दोन-तीन दिवसांनी भास होऊ लागतात, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलतात. घरच्यांना वाटतं भूतबाधा झाली. ही जिवावर बेतणारी अवस्था असते आणि ती औषधांनी टाळता येते. म्हणून 'घरात कोंडून ठेवा, चार दिवसांत ठीक होईल' हा गावातला सल्ला धोक्याचा आहे. आधी डॉक्टर. मात्र डॉक्टर शरीरातली दारू उतरवतो, मग माणूस एसटीत बसून गावी परत येतो, आणि स्टँडवर जुने मित्र उभे असतात.

आता चौथं दार. त्यासाठी जरा लांब जावं लागेल.

अमेरिकेत १८४० साली बाल्टिमोर शहरात सहा पिणारे एका गुत्त्यात बसले होते. त्यांनी आपापसात ठरवलं की सोडायची, आणि आपली कहाणी लोकांपुढं सांगायची. वॉशिंग्टोनियन म्हणून ती चळवळ पसरली, हजारो माणसं त्यात आली. मग त्यांच्यात दारूबंदीचं राजकारण शिरलं, व्यासपीठं आली, वाद आले, आणि काही वर्षांत सगळं विस्कटलं. गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढच्यांनी त्यावरून धडा घेतला.

पुढचे म्हणजे बिल विल्सन. न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस, दारूनं धुळीला मिळालेला. डिसेंबर १९३४ मध्ये तो शेवटचा इस्पितळात गेला. तिथं त्याला एक विलक्षण अनुभव आला, आणि वेड तर लागलं नाही ना या भीतीत असताना त्याच्या हाती पुस्तक पडलं ते विल्यम जेम्सचं, धार्मिक अनुभवांच्या विविधतेवरचं, १९०२ सालचं. तत्त्वज्ञानाचं पुस्तक एखाद्याच्या एवढं उपयोगी पडल्याचं उदाहरण आमच्या वर्गातल्या मुलांना आम्ही नेहमी द्यायचो. नाहीतर आमच्या विषयाला विचारतो कोण! कार्ल युंगचाही या कथेत दुरून हात आहे. त्यानं आपल्या एका अमेरिकन रुग्णाला स्पष्ट सांगितलं होतं की औषधोपचारानं तुझं काही होणार नाही, मुळापासून पालट झाला तरच सुटशील. ती गोष्ट माणसामाणसांतून विल्सनपर्यंत पोहोचली, आणि १९६१ साली त्यानं युंगला पत्र लिहून ते कळवलंही.

पण खरा क्षण मे १९३५चा. विल्सन ओहायोतल्या ॲक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला होता. काम फसलं. हॉटेलच्या दालनात तो एकटा, एका टोकाला बार, तिथून हसण्याखिदळण्याचा आवाज येतोय, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. पाच महिने तो प्यायलेला नव्हता. त्याला उमगलं की आपण आता पिणार. आणि हेही उमगलं की या घडीला वाचायचं तर आपल्याला दुसरा एखादा दारुडा हवा. त्यानं चर्चच्या यादीतल्या नंबरांवर फोन लावायला सुरुवात केली. त्यातून भेट झाली डॉ. बॉब स्मिथ यांची, स्वतः शल्यविशारद आणि स्वतः पिणारे. पंधरा मिनिटं बोलू असं डॉक्टर म्हणाले होते, बसले तास न् तास. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, आपण एए म्हणतो ती, आपला जन्म त्या दिवसापासून मोजते.

यात नवीन काय झालं ते नीट बघा. विल्सन डॉक्टरांना सुधारायला गेला नव्हता. स्वतः वाचायला गेला होता. उपदेशक आणि उपदेश ऐकणारा, वैद्य आणि रोगी, फौजदार आणि आरोपी या सगळ्या जोड्यांत एक वर असतो आणि एक खाली. इथं पहिल्यांदा दोघं एका सतरंजीवर बसले. दोघांनाही एकमेकांची गरज सारखीच. सुटलेला माणूस पिणाऱ्यावर उपकार करत नाही, तो आपली स्वतःची आजची संध्याकाळ निभावत असतो.

आता ते व्याकरण आठवा. मीटिंगमध्ये प्रत्येकजण बोलायला उठतो ते 'माझं नाव अमुक, मी मद्यपी' असं म्हणून. ज्याच्याविषयी सगळं गाव तृतीयपुरुषात बोलत होतं, तो प्रथमपुरुषात आला. आणि पहिलीच कबुली कोणती, तर दारूपुढं माझं काही चालत नाही ही. यात विसंगती आहे असं वाटेल. आमच्या मते विसंगती नाही. 'मी हतबल आहे' या वाक्याचा कर्ता 'मी' आहे. ॲरिस्टॉटलपासून तत्त्वज्ञ डोकं खाजवत आले आहेत की चांगलं काय ते कळत असून माणूस वाईट का करतो. एएनं ते कोडं सोडवलं नाही. आयुष्यभराची शपथ मागणंच तिनं बंद केलं आणि विचारलं, आजचा दिवस जमेल का? शपथ एकदा मोडली की मोडते. आजचा दिवस मोडला तर उद्याचा असतोच. प्यायलेल्यालाही मीटिंगला परत येता येतं, 'स्लिप झाली' असं सांगता येतं, आणि मोजणी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू होते. माळकऱ्याची जी अडचण आपण पाहिली तिच्यावरचा हा उपाय आहे.

१९५० साली संघटनेनं बारा परंपरा स्वीकारल्या. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, बाहेरच्या देणग्या नाहीत, पुढारी नाहीत, नावं जाहीर करायची नाहीत. आणि बाहेरच्या कोणत्याही वादात मत द्यायचं नाही, दारूबंदी असावी की नसावी यावरही नाही. वॉशिंग्टोनियनांची चूक पुन्हा नको. आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना हे कधीकधी खटकतं. आम्हाला खटकत नाही. मोर्चा आणि मीटिंग या दोन वेगळ्या खोल्या आहेत आणि गावाला दोन्ही लागतात. मोर्चातल्या घोषणा मीटिंगच्या खोलीत आल्या की पिणारा माणूस पुन्हा आरोपी होतो.

एए मुंबईत आली १९५७ साली. हा आकडा १९४९च्या कायद्याशेजारी ठेवून बघा. राज्यात कडक दारूबंदी. म्हणजे चार माणसांत उठून 'मी पितो' म्हणणं ही गुन्ह्याची कबुली होण्यासारखी गोष्ट. निनावी राहण्याला अमेरिकेत जेवढा अर्थ होता त्याच्या दुप्पट इथं होता. तरी माणसं जमली. त्या बैठका शहरातल्या, इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींच्या होत्या, चर्चच्या आवारातल्या खोल्यांचा त्यांना आधार होता. वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली क्रिपा फाउंडेशन सुरू केलं, एएची वाट आणि योग यांची सांगड घालून. मराठी माणसापर्यंत, त्यातही गावाकडच्या माणसापर्यंत हे सगळं यायला मात्र एक वेगळा रस्ता लागला. तो रस्ता, ऐकून बरं वाटेल, ओतूरवरून येतो.

अनिल अवचट ओतूरचे. १९४४चा जन्म, डॉक्टरकीचं शिक्षण, पण रमले लिहिण्यात. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगरच्या, म्हणजे गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर त्यांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ला मुक्तांगण सुरू झालं. कल्पना लेखकाची, पैसा लेखकाचा, पण संस्था उभी केली ती डॉ. अनितांनी, हे सांगायला आपले लोक विसरतात. १९९७ साली त्या कॅन्सरनं गेल्या. पुढं त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम हाती घेतलं.

सुरुवात गर्दनं झाली, पुढं दारूचेच रुग्ण जास्त येऊ लागले. पस्तीस दिवस राहायचं, औषधं, व्यायाम, गटचर्चा, समुपदेशन. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट ही, की तिथून बरे झालेलेच पुष्कळजण तिथं कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. ॲक्रनची सतरंजी येरवड्याला मराठीत अंथरली गेली. आणि पस्तीस दिवसांनी संबंध तुटू नये म्हणून निरनिराळ्या गावांत फॉलोअपच्या बैठका सुरू झाल्या. साताऱ्याला डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या परिवर्तन संस्थेनंही व्यसनमुक्तीचं काम उभं केलं.

मीटिंगमध्ये होतं काय, असं पुष्कळजण विचारतात. एएच्या खुल्या मीटिंगला ज्याचा दारूशी संबंध नाही अशा माणसालाही बसता येतं, तसे आम्ही बसलो आहोत. तिथं ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, तेव्हा कुणाचं बोलणं सांगणार नाही. फक्त रीत सांगतो. एखादी शाळेची किंवा चर्चची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा. एकजण मीटिंग चालवतो. शांततेची प्रार्थना होते. मग ज्याला बोलायचं तो बोलतो, त्याला शेअरिंग म्हणतात. मधे कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही, 'अरे, तू असं करायला हवं होतंस' म्हणत नाही. मराठी माणसाला हे ऐकून घेणं फार जड जातं, हे आम्ही तिथं बसून स्वतः अनुभवलं. नवा माणूस आला तर त्याला बोलायची सक्ती नाही, नुसतं बसलं तरी चालतं. कुणाला वर्ष झालं असेल तर त्याचा वाढदिवस करतात. पिशवी फिरते, ज्याला जमेल तो चहापाण्याचे पैसे टाकतो. तासा-दीड तासात संपतं, पण माणसं लगेच जात नाहीत, दाराशी घोटाळत राहतात. आमच्या मते अर्धं काम त्या दाराशी होतं, फोन नंबर तिथंच दिले जातात.

आता मढला परत येऊ. इथून पुणं शंभराहून अधिक किलोमीटर, कल्याण घाट उतरून पलीकडे. संध्याकाळी सातची मीटिंग शहरात असेल तर या माणसाला त्या रात्री घरी परतता येत नाही. रोजगार बुडवून, भाडं खर्चून तो किती वेळा जाईल? ही पहिली अडचण, अंतराची, ती थोडी तरी सुटते आहे. २०२०च्या टाळेबंदीत मीटिंग मोबाइलवर आल्या आणि त्यांतल्या बऱ्याच तशाच चालू राहिल्या. डोंगराच्या कुशीतल्या गावात रेंज मिळाली तर.

दुसरी अडचण अवघड आहे. निनावी राहायचं म्हणजे काय, जिथं आजोबांच्या नावानिशी सगळे सगळ्यांना ओळखतात? गावात चार खुर्च्या मांडल्या की कोण कोण बसलंय हे अर्ध्या तासात वेशीपर्यंत पोचतं. म्हणून पुष्कळ जण म्हणतात, हे शहराचं खूळ आहे, गावात चालायचं नाही. आम्हाला हे पटत नाही. जरा विचार करा, गावाला माहीत नाही असं लपवायचं तरी काय आहे? तो पितो हे गावाला ठाऊकच आहे, गटारात पडलेला त्याला सगळ्यांनी पाहिला आहे. मीटिंगला जातो हे कळल्यानं नवीन काय कळणार? तर तो सोडू पाहतोय हे. आणि नेमकी त्याचीच त्याला लाज वाटते! पिण्याची लाज मोडलेली असते, सोडण्याची लाज मोडलेली नसते, कारण उद्या नाही जमलं तर लोक हसतील. तेव्हा गावात झाकायचा असतो तो चेहरा नव्हे, खोलीतलं बोलणं. कोण आलं हे गावाला कळेल. कोण काय बोललं हे कळता कामा नये. एवढं पाळणारी तीन माणसं मिळाली तर मीटिंग होते. मढला नाही जमली तर ओतूरला बाजाराच्या दिवशी जमू शकते. कांदा घेऊन, भाजी घेऊन सगळ्या खोऱ्यातली माणसं तिथं येतातच, त्या गर्दीत कोण कुठल्या खोलीत शिरलं ते कोण बघतो? आणि जागा भजनी मंडळाची का असू नये? भजनाला बसणाऱ्यांत सुटलेले असतातच. त्यांनी आपल्या जुन्या दिवसांबद्दल एकदा तोंड उघडलं की झालं.

इथं एका ताईंचा प्रश्न आला आहे. 'नवरा यायलाच तयार नसेल तर?' ताई, मग तुम्ही जा. विल्सनच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली घरच्यांसाठी अल्-अनॉन सुरू केली ती याचसाठी, आणि मुक्तांगणमध्ये बायकांचा 'सहचरी' गट आहे. नवऱ्याला सुधारायची युक्ती तिथं मिळेल असं नाही. पण त्याच्या उधाऱ्या फेडणं, मुकादमाला 'ताप आहे' म्हणून खोटं सांगणं, रात्री बाटल्या शोधत फिरणं, यांतलं काय थांबवायचं आणि मार खाण्याची वेळ आली तर कुठं जायचं, हे ज्यांनी भोगलंय त्या बायका सांगतात. त्याला विचारायची गरज नाही. तुम्ही गेलात म्हणून तो रागावेल, आणि काही दिवसांनी विचारेल की तिथं काय बोलता. काही घरांत त्याचं येणं असंच सुरू झालेलं आहे. सगळ्यांत होत नाही.

वेळ झाली. ज्यांना मीटिंगचे पत्ते आणि वार हवे आहेत त्यांनी मागं थांबा, कागदावर लिहून देतो. नाव सांगायची गरज नाही.